भज्जीतले वाण : लातूर-नांदेडच्या गावरान भाज्या आणि फळांची वारसा बाग

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर ओस पडते. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते त्या गंजगोलाईतही दुपारी शुकशुकाट असतो, कारण वेळ अमावास्येला शहरवासी आपापल्या किंवा आप्तेष्टांच्या शेताची वाट धरतात. कडब्याची कोप उभी राहते, आत पाच पांडव मांडले जातात आणि पूजेनंतर पंगती बसतात. पानात बाजरीचे उंडे, आंबील आणि सर्वांत आधी संपणारी भज्जी असते. ओल्या तुरीचे दाणे, सोललेला हरभरा, वाल, वाटाणा, भुईमुगाचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरे आणि चिंच असे पंधरा-वीस जिन्नस बेसनाच्या आंबट कालवणात एकत्र शिजतात. महाराष्ट्रात हा सण प्रामुख्याने लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि आसपासच्या परिसरात असा साजरा होतो. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत मात्र त्याची भावंडे भेटतात.

भज्जी ही मुळात एका शेताची पाककृती आहे. त्या दिवशी आपल्या बांधाच्या आत जे जे उभे असेल ते भांड्यात जावे, हा तिचा साधा नियम. आज मात्र अनेक घरांत भज्जीचे सामान आदल्या दिवशी मंडईतून पिशवीत भरून शेतावर नेले जाते. खरिपात शेतात सोयाबीनखेरीज दुसरे काही नसते आणि ते निघाल्यावर रब्बीत एकटा हरभरा असतो, त्यामुळे वाल, गाजर, पात येणार कुठून? सण टिकला, शेत बदलले. जी बियाणी त्या शेतात दरवर्षी आपोआप पेरली जात होती, ती जपण्यासाठी आता मुद्दाम जागा राखावी लागते. अशा राखलेल्या जागेला जगभर ‘वारसा बाग’ म्हणू लागले आहेत. बाग हा शब्द थोडा भपकेबाज वाटतो. प्रत्यक्षात ते चार वाफे, एक मांडव आणि दोन जुनी झाडे एवढेच असू शकते.

गावरान म्हणजे नेमके काय?

बाजारात ‘गावरान’ ही पाटी कशावरही लागते, म्हणून शब्दांचा घोळ आधी सोडवलेला बरा. बियाणी ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. संकरित वाणात दोन निवडक जनकांचा संकर करून पहिल्या पिढीचे बी विकले जाते. पीक एकसारखे आणि जोमदार येते, परंतु त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर झाडे विखुरतात. कुणी आजोबांवर जाते, कुणी आजीवर. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. सुधारित वाण संशोधन केंद्रात निवडीने किंवा संकरानंतर अनेक पिढ्यांच्या स्थिरीकरणाने तयार होतो आणि त्याचे बी घरी धरता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी हे त्याचे ठळक उदाहरण. 1980च्या दशकात आलेला हा वाण भेंडीची एक रानटी भावंड जात वापरून घडवला गेला आणि पिवळ्या शिरांच्या रोगापुढे तो बराच काळ तग धरून राहिला. तिसरा प्रकार गावरान किंवा देशी वाणांचा. त्यांची निवड कुणा एका शास्त्रज्ञाने केलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बायकांनी ‘हे फळ बियाला ठेवा’ म्हणून वेलीवर राखले, त्यातून ते घडतात. इंग्रजीत यांना ‘एअरलूम’ म्हणतात. काही जण त्यासाठी 50 वर्षांची अट घालतात, पण खरी अट एकच, बी धरले तर वाण तसाच यायला हवा.

देशी याचा अर्थ मूळचे भारतीय असाही नव्हे. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई आणि खुद्द सीताफळ ही अमेरिका खंडाची देणगी. चिंचेचे मूळही आफ्रिकेत मानले जाते, तरी अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ असे नाव दिले आणि तेच नाव युरोपात रूढ झाले. वांगे मात्र इथलेच. भारतातील वांग्याच्या विविधतेला धोका पोहोचेल, हा 2010 साली बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळताना झालेल्या वादातील एक प्रमुख मुद्दा होता.

नांदेडच्या बाबतीत या शब्दाला आणखी एक पदर आहे. या भागातील देशी कापसाला व्यापारात ‘गावरानी’ असेच नाव होते. त्याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 1980च्या दशकात ‘एनएचएच-44’ हा संकरित वाण दिला आणि तो कोरडवाहू शेतकऱ्यांच्या इतका पसंतीस उतरला की गावरानी कापूस शेतातून जवळजवळ निघून गेला. संकरित वाणाने शेतकऱ्याला फसवले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने उत्पन्न दिले. प्रश्न एवढाच की जुने बी ठेवण्याची जबाबदारी तेव्हा कुणावरच नव्हती.

दोन जिल्ह्यांची शिदोरी

लातूर जिल्ह्याला 2024 साली एकदम तीन भौगोलिक मानांकने मिळाली. पानचिंचोलीची पटडी चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. पानचिंचोली आणि बोरसुरी ही दोन्ही गावे निलंगा तालुक्यातील. बोरसुरीची डाळ वरणासाठी नावाजलेली, तर कास्ती कोथिंबीर वासासाठी. त्याच सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीलाही मानांकन मिळाले. त्याआधी 2016 मध्ये मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांची नोंद झाली होती.

मानांकनाने नाव सुरक्षित होते, बियाणे नव्हे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो अनेकदा नजरेआड होतो. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999चा, तो 2003 पासून अमलात आला. विशिष्ट भागाबाहेरच्या मालावर ते नाव लावू नये, एवढे संरक्षण तो देतो. त्या भागात ते झाड लावलेच गेले नाही किंवा जुने झाड तोडले, तर कायदा काही करू शकत नाही. पटडी चिंचेचा प्रश्न नेमका हाच आहे. चिंचेचे बी रुजवून आलेले झाड आईसारखेच निघेल याची हमी नसते, फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात आणि तेव्हा कुठे कळते की शेंग पटडी आहे की साधी. म्हणून नावाजलेल्या झाडाची काडी घेऊन कलम बांधणे हाच खात्रीचा मार्ग. कलमाला फळही निम्म्या काळात येते.

नांदेडकडे वळले की पहिले नाव अर्धापूरचे. येथील केळीला नावलौकिक आहे आणि ‘अर्धापुरी’ या नावाचा केळीचा एक वाणच फळशास्त्राच्या पुस्तकांतून नोंदलेला आढळतो. नांदेडला केळी संशोधन केंद्रही आहे. तरीही गेल्या दोन-तीन दशकांत ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ने बहुतेक बागा व्यापल्या. केळीला व्यवहारात बी नसते, ती मुनव्यांवर चालते. त्यामुळे जुना वाण राखायचा तर त्याचे बेट कुठेतरी जिवंतच ठेवावे लागते. ते डब्यात भरून कपाटात ठेवता येत नाही.

बालाघाटच्या डोंगररांगा बीडमधून लातूर, नांदेडपर्यंत उतरतात आणि त्यांच्याबरोबर सीताफळही उतरते. कंधारच्या माळावरची सीताफळे दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेडच्या बाजारात टोपल्यांनी येतात. लातूरच्या शेजारी अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-6’ हा निवडीचा वाण तेथलाच.

विशेष म्हणजे जनावरांच्या बाबतीत हे दोन जिल्हे अधिक जागरूक राहिले. लातूरची देवणी आणि नांदेडची लालकंधारी या गोवंशांची शास्त्रीय नोंद आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेत त्यांचे प्रदर्शन भरते, वळू मिरवले जातात, बक्षिसे मिळतात. ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशीच सुरू होते. वळूची वंशावळ सांगणारा शेतकरी आपल्या वाळकाचे बी कुठून आले हे मात्र सहसा सांगू शकत नाही. ते आईला ठाऊक असते.

वाळूक हे या भागाचे खास फळ. काकडी आणि खरबूज यांच्या मधले, पावसाळ्यात ज्वारी-कापसाच्या ओळींत पसरणारे आणि भाद्रपदात हाताशी येणारे. कोवळे असताना कोशिंबीर, पिकल्यावर गुळाबरोबर आणि उरलेल्याच्या वाळवलेल्या काचऱ्या. त्याच ओळींत शेंदाड, चवळी, अंबाडी, तीळ, कारळे असे. मुख्य पिकात दहा-बारा ओळींनंतर अशा मिश्र बियांची एक ओळ टाकण्याची रीत होती, आणि ती ओळ घरातल्या बाईची समजली जाई. तणनाशकाची फवारणी सुरू झाली तेव्हा पहिला बळी या ओळीचा गेला. सोयाबीनवर चालणारे औषध वाळकाला चालत नाही. तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी या न पेरता येणाऱ्या रानभाज्याही त्याच फवाऱ्यात गेल्या.

रायवळ : प्रत्येक झाड एक वाण

सर्वांत मोठे नुकसान रायवळ आंब्याचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. केसर हा मूळ जुनागढचा आंबा. मराठवाड्यात तो कलमांवर आला आणि येथील उष्ण-कोरड्या हवेत चांगला रुळला. त्याआधी या भागात आंबा म्हणजे रायवळ, कोयीपासून वाढलेले बांधावरचे झाड. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच कोंब निघतो आणि तो दोन झाडांच्या संकराचा असतो. त्यामुळे कोयीपासून आलेले कोणतेही दोन वृक्ष सारखे नसतात. म्हणूनच गावोगाव झाडांना नावे पडली. शेपूसारखा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, शेंदरी रंगाचा शेंद्र्या, लांबट तो केळ्या, गोड तो साखऱ्या. एकाच नावाची झाडे दहा गावांत भेटली तरी ती एकच नव्हेत, दहा आहेत.

याचा परिणाम असा की एक झाड तोडले की एक वाण जगातून संपतो. त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. लोणच्यासाठी कोणता, रसासाठी कोणता, आढीत उशिरा पिकणारा कोणता, हे ज्ञानही त्या झाडाबरोबर जाते. नांदेड-लातूर दरम्यानचे रस्ते रुंद झाले तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, आणि वाटण्यांनंतर बांध अरुंद झाले तेव्हा बांधावरची. आंबा आणि चिंच ही दोन्ही झाडे 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि खासगी जमिनीवरही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांपुरता 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ असा दर्जा दिला. बांधावरच्या शेप्याला तो लागू होत नाही.

झाड वाचवता आले नाही तरी वाण वाचवता येतो. तोडण्यापूर्वीच्या पावसाळ्यात त्याच्या काड्या दुसऱ्या रोपावर बांधल्या की झाले. काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीच्या जाडीची आणि डोळा फुगलेली घ्यावी. काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून खुडावीत. कोकणातले कोय कलम दमट हवेत साधते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत जागेवरच लावलेल्या गावरान रोपावर मृदुकाष्ठ कलम बांधणे अधिक खात्रीचे. रोप आधीच जमिनीत मुरलेले असल्याने त्याचे सोटमूळ खोल जाते आणि दुष्काळात झाड तगते. जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. एकाच जोमदार झाडावर चार फांद्यांना चार रायवळ बांधता येतात. शहरात मोठी जागा नसलेल्यांसाठी ही युक्ती उपयोगी आहे.

जुन्या बागा, नव्या बागा

फळांचे वाण एका जागी राखण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग मुघलकालीन आहे. तिचे सुमारे 300 एकरांचे आवार आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. शहराच्या मधोमध जुन्या आमराया, विहिरी आणि रोपवाटिका एकत्र असलेली अशी दुसरी जागा या विभागात नाही.

परदेशात या चळवळीची सुरुवात फार घरगुती कारणाने झाली. अमेरिकेत 1975 साली एका तरुण दांपत्याला आजोबांकडून टोमॅटो आणि एका फुलवेलीचे बी मिळाले. त्यांच्या पूर्वजांनी ते जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातून आणले होते. आजोबांनंतर हे बी कोण ठेवणार, या प्रश्नातून ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे आयोवा राज्यात तिची ‘हेरिटेज फार्म’ झाली. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातूनच गावरान बियाण्यांची बँक सुरू केली. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्य मंत्रिमंडळाने 2022 मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मान्यता दिली. शीतगृहातील बियाणे आणि शेतातील बियाणे या दोन्हींची गरज आहे. शीतगृहात वाण थांबतो, शेतात तो बदलत्या हवेशी जुळवून घेत राहतो.

लातूरला ही गोष्ट अधिक तीव्रतेने कळायला हवी. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर घराघरांतली उतरंडही मातीखाली गेली, आणि बियाणे उतरंडीतच असे. पुढे 52 गावे नव्या जागी वसली. आडाजवळचा शेवगा, परसातले लिंबू, भिंतीवरचा घेवडा ज्या जुन्या परसात होते ते परस मागे राहिले. एका घरचे बी गेले तर शेजारी देतो, हा जुना विमा गावेच्या गावे पडली तेव्हा अपुरा पडला. म्हणून जाणकार एकच वाण किमान तीन वेगवेगळ्या गावांत ठेवण्याचा आग्रह धरतात.

एक गुंठ्याची आखणी

लातूरला वर्षाकाठी सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला त्याहून थोडा जास्त. पण 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हेही लातूरच आहे. तेव्हा बाग आखताना पाण्याचा हिशेब आधी. गावरान वाण कमी पाण्यावर येतात हे सरसकट खरे नाही. गावरान दोडक्यालाही पाणी लागतेच. फरक असा की त्यांचा हंगाम पावसाशी बांधलेला असतो. हंगामाबाहेर ते लावले नाहीत, तर पाणी आपोआप वाचते.

काळी जमीन पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते, म्हणून वाफे सपाट न ठेवता वरंबे करावेत आणि वर पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट पसरावे. कडेने शेवगा, हदगा आणि तुरीची ओळ लावली की वारा अडतो. उत्तरेच्या बाजूला वेलींचा मांडव घातला तर त्याची सावली वाफ्यांवर पडत नाही. मृगाच्या पावसावर दोडका, कारली, दुधी, गवार, भेंडी, चवळी आणि अंबाडी लावावी. वांग्या-मिरचीची रोपे त्याच सुमारास गादीवाफ्यावर टाकून महिन्या-दीड महिन्याने लावावीत. गणपतीनंतर वाल आणि पात, दसऱ्याच्या आसपास मेथी, शेपू, चुका, चाकवत, गाजर, हरभरा आणि कोथिंबीर. वेळ अमावास्या डिसेंबर-जानेवारीत येते. वरील वेळापत्रक पाळले तर भज्जीचे बहुतेक जिन्नस त्या दिवशी एका गुंठ्यात उभे असतात. बोर आणि चिंच तेवढी शेजाऱ्याकडून.

उत्पन्नाच्या अपेक्षा माफक ठेवाव्यात. गावरान भेंडीवर पिवळ्या शिरा येतात, काटेरी वांग्यात अळी शिरते आणि टोमॅटो पातळ सालीचा असल्याने लांबच्या बाजाराला चालत नाही. व्यापारी शेती आणि वारसा बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बी धरण्याचे शास्त्र

खरी कसोटी इथे लागते. भाजी पिकवणे अनेकांना जमते, वाण शुद्ध राखणे थोड्यांना. पहिला नियम निवडीचा. शेवटी उरलेली, निबर झालेली फळे बियाला ठेवण्याची सवय घातक असते. अशाने उशिरा फळणाऱ्या, दुबळ्या झाडांचीच निवड होत जाते. हंगामाच्या मध्यावर निरोगी झाडे हेरून त्यांना रंगीत दोरा बांधावा आणि त्या झाडांचे फळ स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. बी एकाच झाडाचे न घेता शक्य तितक्या जास्त झाडांचे मिसळावे, नाहीतर काही पिढ्यांत वाणाचा जोम ओसरतो.

दुसरा प्रश्न परागीभवनाचा. टोमॅटो, मेथी, हरभरा, वाटाणा, चवळी यांचे फूल बहुधा स्वतःच फळते, त्यामुळे दोन वाणांत काही मीटर अंतर पुरते. वांगी, मिरची, भेंडी यांत मधमाश्या मिसळ करतात, म्हणून फुलण्यापूर्वी फांदीला मलमलीची पिशवी बांधावी. वेलवर्गीय भाज्यांत तर बियाणे प्रमाणीकरणासाठी अर्धा ते एक किलोमीटर अंतराची अट असते. एवढी जागा कुणाकडे? उपाय म्हणजे हाताने परागीभवन. त्यासाठी फुलांचे वेळापत्रक ठाऊक हवे. लाल भोपळा आणि कारले पहाटे उमलतात, घोसाळे सकाळी लवकर. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुले मात्र संध्याकाळी उघडतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी हेरून त्यांना आधीच दोऱ्याने बांधून ठेवावे. मादी कळीखाली इवलेसे फळ असते, त्यावरून ती ओळखू येते. उमलण्याच्या वेळी नर फुलाचा परागकोश मादीच्या कुक्षीवर फिरवून ती पुन्हा बंद करावी आणि देठाला खूण बांधावी. हे काम पाच मिनिटांचे असते, पण वेळ चुकली की तो दिवस गेला.

दुधीबाबत एक इशारा आवश्यक आहे. कडू जातीशी संकर झालेल्या वेलीची फळे दिसायला नेहमीसारखीच असतात, पण त्यांतील कडू द्रव्य विषारी असते. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना देशात नोंदल्या गेल्या आहेत. कापल्यावर तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर तो दुधी फेकावा आणि त्या वेलीचे बीही धरू नये.

बी काढण्याच्या पद्धती फळागणिक बदलतात. वांगे झाडावरच पूर्ण पिवळे होऊ द्यावे लागते. दोडका, घोसाळे आणि दुधी वेलीवर वाळून खुळखुळू लागल्यावर काढावेत. टोमॅटोचा गर पाण्यात एक-दोन दिवस आंबवला की बियांवरची चिकट साल सुटते. मग धुऊन सावलीत वाळवावे. कोथिंबिरीवर मधमाश्यांची गर्दी असते, म्हणून कास्तीसारखा वाण शुद्ध राखायचा तर त्याच हंगामात जवळपास दुसरी कोथिंबीर फुलू देऊ नये.

साठवणीत शत्रू दोन, ओल आणि उष्णता. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेले बी महिनाभरात निकामी होऊ शकते. जुन्या बायका मडक्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून त्यात बी ठेवत, वेलींच्या बिया शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीवर थापत किंवा वाळलेल्या दुधीच्या कवटीत भरून आढ्याला टांगत. राख ओल शोषते आणि किड्याला मारते, तर मातीचे भांडे आतली हवा गार ठेवते. शहरात घट्ट झाकणाची काचेची बरणी फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. बी मात्र दाताखाली कडकन तुटेल इतके वाळलेले हवे. कांद्याचे बी वर्षभरच टिकते, टोमॅटो-वांग्याचे तीन-चार वर्षे. बरणीवर वाणाचे नाव, गाव, वर्ष आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव लिहावे. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात.

हक्क आणि मिळण्याची ठिकाणे

बियाणे ठेवणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. 2001च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तो स्पष्टपणे मान्य केला. ब्रँड लावलेले बी म्हणून विकण्याला मात्र मनाई आहे. याच कायद्याखाली शेतकरी किंवा गाव आपला जुना वाण स्वतःच्या नावाने नोंदवू शकते आणि वाण जतन करणाऱ्यांना केंद्र सरकारचे पुरस्कारही मिळतात. मानांकनाची चर्चा जेवढी होते, तेवढी या नोंदणीची होत नाही.

सुधारित वाणांचे बी परभणीला 18 मे रोजी, विद्यापीठाच्या स्थापनादिनी भरणाऱ्या खरीप मेळाव्यात विक्रीस येते. पहाटेपासून रांगा लागतात. कलमे आणि मार्गदर्शन लातूरच्या मांजरा कृषी विज्ञान केंद्रात आणि नांदेड जिल्ह्यातील सगरोळीच्या केंद्रात मिळू शकते. वाळूक, शेंदाड किंवा काटेरी वांग्याचे बी मात्र कोणत्याही दुकानाच्या यादीत सापडणार नाही. त्यासाठी आठवडी बाजारात पाटीभर माल घेऊन बसलेल्या म्हातारीकडे चौकशी करावी लागते. ती बहुधा बियांचे पैसे घेत नाही. पुढच्या वर्षी मूठभर परत आणून दे, असे सांगते.